वेस्टफॉलचा विजय कुणाच्या नावे

मी, नील अँथनी सूकप, वय सेहेचाळीस, राहणार टॅलमन, राज्य नेब्रास्का, टॅलमन कॉलेजच्या फुटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या मंगळवारी ओमाहाला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं फारसं कारण नाही. 'फारसं' हा शब्द त्यांनी पुन्हा एकदा वापरला, म्हणून मी लिहायला बसलो. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणतंही औषध अजून सुरू झालेलं नाही, आणि माझ्यावर कुणाचं दडपण नाही. मत्सराचं आहे. पण आमच्या वकीलबाई व्लास्टा कुबिचेक यांनी सांगितलं की कायद्यात दडपण म्हणजे दुसऱ्या माणसाने आणलेलं. आपल्याच पोटात असलेलं धरत नाहीत.

मुलगी हेडी जन्मली तेव्हा केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. ते लिहिताना मी तिशीच्या उंबरठ्यावर होतो आणि मला वाटत होतं की मी पुढे कुणीतरी होणार आहे.

घर, पैसे आणि हत्यारं यांची वाटणी खाली आहे. ती एका पानात झाली असती. बाकीची पानं एका सामन्यासाठी आहेत. तो सामना माझ्या नावावर लिहायचा की आमचा जुना मुख्य प्रशिक्षक रॉस हॅगेमन याच्या, हे मला मंगळवारच्या आत सांगायचं आहे.

कलम एक. तिसऱ्या रस्त्यावरचं घर, मागचं गॅरेज आणि भोवतालची जागा माझी पत्नी डोरीन हिला. हे घर मी सरावाच्या मैदानाला लागून घेतलं, कारण तेव्हा मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ती मलाच मिळेल असं मी धरून चाललो होतो. घराच्या किल्ल्या हातात आल्या त्याच आठवड्यात कॉलेजने रॉसला नेमलं. तेरा वर्षं मी वरच्या न्हाणीघरात दाढी करताना त्याचा आवाज ऐकत आलो. तो शिट्टी वापरत नाही. त्याला गरज पडत नाही. डोरीनने घर विकलं तरी माझी हरकत नाही. फक्त वरची खिडकी थंडीत नीट लागत नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

कलम दोन. बँकेतली शिल्लक, निवृत्तीचा निधी आणि विम्याची रक्कम अर्धी डोरीनला, अर्धी हेडीच्या शिक्षणासाठी. हेडी सतरा वर्षांची आहे. तिने कोणत्या कॉलेजात जावं यावर मी कसलीही अट घालत नाही. पहिल्या कच्च्या खर्ड्यात घातली होती. तो खर्डा डोरीनने वाचला आणि विचारलं, "हेडी टॅलमनमध्ये शिकली तर पैसे नाहीत? का? मैदानाच्या नव्या कमानीवर रॉसचं नाव असेल म्हणून?" मी म्हटलं, "तसं लिहिलेलं नाही." ती म्हणाली, "तसं लिहिलेलं नाही, पण तेच आहे." मी ते वाक्य खोडलं.

कलम तीन. माझ्या रोजनिशा डोरीनला. ठेवायच्या की जाळायच्या ते तिने ठरवावं. कॉलेजच्या ग्रंथालयाला देऊ नयेत. त्यांत कुणाचं काही गुपित नाही. हवामान आहे, कोणाचा घोटा सुजला ते आहे, आणि रॉस आहे.

कलम चार. गॅरेजमधली सुतारकामाची हत्यारं शेजारीण जोन विटकोव्हच्या नवऱ्याला, कारण त्यातली निम्मी त्याचीच आहेत. डुकराचं मांस धुरावर भाजायची लोखंडी भट्टी हेडीला. तिला ती माझ्यापेक्षा चांगली जमते. तिने आच कमी ठेवावी आणि झाकण सारखं उघडून बघू नये. पिकअप गाडी डोरीनला. दुसऱ्या गिअरला जरा दम धरावा लागतो. ज्या फळ्यावर मी बावीस वर्षं खेळाडूंना खेळ्या काढून दाखवल्या तो फळा कुणालाही. त्याच्या मागच्या बाजूला काही नाही.

कलम पाच. आता रॉसबद्दल. मृत्युपत्रात ज्याला काहीही द्यायचं नाही त्याच्याविषयी इतकं लिहिणं विचित्र आहे, हे मला कळतं. पण सहायकाच्या आयुष्याचा हिशोब त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला वगळून मांडता येत नाही. आमच्या धंद्यात विजय एकाच माणसाच्या नावावर चढतो. संघात शंभर मुलं आणि आठ प्रशिक्षक असले तरी नोंद एकच: अमुक वर्षं, इतके जिंकले, इतके हरले. सहायकाच्या नावापुढे आकडा नसतो. शून्यही नसतो.

रॉस माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी पहिल्या वर्षाला खेळायला आलो तेव्हा तो नुकताच शिक्षण संपवून प्रशिक्षकांच्या हाताखाली लागला होता. समोरच्याला खांद्याने कसं रेटायचं ते मला त्याने शिकवलं. मी खेळताना हेल्मेटच्या आत स्वतःशी पुटपुटायचो, आणि इंग्रजी साहित्य घेतलं होतं, म्हणून तो मला 'प्रोफेसर' म्हणू लागला. अजूनही म्हणतो. पुढे आम्ही दोघेही त्याच संघाचे सहायक झालो आणि एकाच जागेसाठी उमेदवार.

त्याला जागा का मिळाली हे मला माहीत आहे. नवी मुलं मिळवायला प्रशिक्षकाला त्यांच्या घरी जावं लागतं. तिथे मुलापेक्षा त्याची आई महत्त्वाची, आणि आईपेक्षा तिने रांधलेलं. मी विद्यार्थ्याचे गुण विचारायचो, कोणता विषय आवडतो ते विचारायचो. रॉस खुर्ची ओढून म्हणायचा, "मिसेस ड्वोराक, एवढंच वाढलंत? मी रस्त्यात उपाशी मरावं अशी इच्छा आहे का?" आणि तीनदा घ्यायचा. एकदा निघताना दारात त्या बाईंनी त्याला मिठी मारली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हे तुमचे कोण?" रॉस म्हणाला, "हे आमचे प्रोफेसर. हे विचार करतात, मी खातो." बाई पोट धरून हसल्या. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "तसं म्हणायची गरज नव्हती." तो म्हणाला, "अरे, तुझी स्तुती केली!" त्याला खरंच तसं वाटत होतं. यामुळेच त्याच्यावर धड रागावताही येत नाही. तो मुलगा आमच्याकडे आला आणि चार वर्षं खेळला. त्याला पायांची हालचाल मी शिकवली.

न्याय करायचा तर हेही लिहायला हवं. रॉसने हाती घेतला तेव्हा आमचा संघ कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, तळाला होता. पहिल्या वर्षी दोनच सामने जिंकलो. पाचव्या वर्षी आम्ही अजिंक्यपद घेतलं, सातव्या वर्षी पुन्हा. ज्या मुलांना मोठ्या विद्यापीठांनी घेतलं नाही, जी उंचीला कमी पडली, गुडघ्याला अधू होती, त्यांच्यातून त्याने संघ उभा केला. हरल्यावर त्याने एकाही मुलाचं नाव वर्तमानपत्राला सांगितलं नाही. मग शेवटची दोन वर्षं आम्ही कोसळलो. चांगली मुलं एका हंगामानंतर मोठ्या कॉलेजांत निघून जाऊ लागली, आणि रॉसला ते पटेना, जमेना. गेल्या वर्षी आठ सामने हरलो. कॉलेजने गोड बोलून त्याला निवृत्त व्हायला लावलं. शेवटचा सामना आम्ही जिंकलो आणि त्याच्या नावावर बरोबर शंभर विजय झाले. गोड बोलण्यातलाच भाग म्हणून मैदानाच्या नव्या कमानीवर त्याचं नाव आणि शंभराचा आकडा दगडात कोरायचं ठरलं. त्या माणसाला तेरा वर्षांचं एवढंच मिळणार आहे.

नवा प्रशिक्षक आयोवाहून आला. माझ्या छातीत काय चाललंय ते तोवर कळलं होतं, म्हणून या वेळी मी अर्ज केला नाही. निदान कारण तरी चांगलं मिळालं.

कलम सहा. त्या शंभरांतले तीन सामने रॉस मैदानावर नसताना झाले. सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये त्याचं आंत्रपुच्छ फुटलं आणि त्याला ओमाहाला हलवलं. कॉलेजने काळजीवाहू प्रशिक्षक नेमला नाही. रॉसने पलंगावरून कळवलं की फोन आहे, मी आहे. आमच्या कॉन्फरन्सचा नियम असा की मुख्य प्रशिक्षक संपर्कात राहून संघ चालवत असेल तर विजय त्याचा. संपर्कात नसेल तर मैदानावर ज्याने संघ चालवला त्याचा. तेव्हा कुणी विचारलं नाही आणि तिन्ही त्याच्या खाती गेले. आता दगडावर कोरायचं म्हणताना कॉन्फरन्सच्या कार्यालयाला ते तीन सामने आठवले.

पहिल्या सामन्यात रॉस सगळा वेळ माझ्या कानात होता. मी बोललो ते त्याचे शब्द होते. तो विजय त्याचा, यात शंका नाही.

तिसऱ्या सामन्यातही फोन चालू होता, आणि शेवटच्या डावाला तर तो स्वतःच आला. चाकांच्या खुर्चीत, अंगावर घोंगडी, बायको अर्डिथ मागून खुर्ची ढकलते आहे. जिंकल्यावर खेळाडूंनी बर्फाच्या पाण्याचा पिंप उचलून प्रशिक्षकाच्या अंगावर ओतायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. पिंप घेऊन मुलं पळत आली. मी टोपी काढली. डायरी मला सांगते की मी टोपी काढली होती. ती मुलं माझ्या शेजारून निघून गेली आणि खुर्चीपाशी थांबली. पोटाच्या टाक्यांवर कसं ओतायचं? अर्डिथ ओरडली, "पायावर ओता रे गाढवांनो, पायावर!" त्यांनी त्याच्या बुटांवर ओतलं. रॉस कळवळला आणि हसला, पुन्हा कळवळला. सगळं मैदान हसत होतं. घरी आल्यावर डोरीन म्हणाली, "बरं झालं, इतक्या थंडीत तू कोरडा राहिलास." तो विजयही त्याचाच आहे. हे लिहायला मला फार वेळ लागला, पण त्याचाच आहे.

राहिला मधला सामना, वेस्टफॉलचा. त्यांच्याच मैदानावर, जोरदार वाऱ्यात. दुपारी रॉसच्या पोटात पू झाल्याचं निघालं आणि त्याला पुन्हा शस्त्रक्रियेला नेलं. फोन अर्डिथकडे होता. आम्ही तीन गुणांनी मागे होतो, शेवटची काही मिनिटं उरली होती, आणि दहा यार्ड पुढे जायला मिळतात त्या चार प्रयत्नांतला आमचा चौथा, शेवटचा होता, दोन यार्ड कमी. अशा जागी सगळे जण लाथ मारून चेंडू दूर पाठवतात. चुकलं तर सामना तिथेच संपतो. मी फोन लावला.

"अर्डिथ, त्याला दे."

"कसा देऊ? आतमध्ये आहे तो. भूल दिलीय."

"मग काय करू?"

"मला काय विचारतोस नील? मला या खेळातलं इतकंच कळतं की उन्हाळ्यातसुद्धा नवरा घरी नसतो. तुला काय करायचंय ते कर, आणि मला नंतर सांग."

मी फोन ठेवला आणि पोरांना म्हटलं, पळा. आमच्याकडे 'जुनी गिरणी' नावाची एक खेळी होती. पुढच्या खेळाडूंची सगळी भिंत उजवीकडे सरकते आणि चेंडू डावीकडून जातो. दोन यार्ड हवे होते, अकरा मिळाले. पाच खेळ्यांनंतर आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

'जुनी गिरणी' ही खेळी रॉसने शिकवलेली आहे. हा मुद्दा मी स्वतःपासून लपवलेला नाही. मी अठरा वर्षांचा असताना त्यानेच मला ती करायला लावली होती. मग तो विजय कुणाचा? मी यावर पुष्कळ विचार केला. सुतार दुसऱ्याकडून रंधा मारायला शिकला म्हणून त्याने केलेलं दार दुसऱ्याचं होत नाही. पण मग मला असंही वाटतं की ज्या माणसाला तो विजय हवा आहे त्याला असा दृष्टांत सुचणारच.

दुसऱ्या सकाळी मी मार्जीच्या कॅफेत कोलाच, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, घ्यायला गेलो. गव्हाचं कोठार चालवणारा म्हातारा एल्व्हिन टेबलावर हात आपटून सांगत होता, "काय पठ्ठ्या आहे! पोट फाडलेलं, आणि चौथ्याला पळायला लावतो!"

मी म्हटलं, "एल्व्हिन, तो भुलीखाली होता."

"अरे, बेशुद्धीतसुद्धा त्याचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं!"

सगळे हसले. मीही हसलो. मार्जीने माझ्या पिशवीत एक कोलाच जास्तीचा टाकला आणि म्हणाली, "हा रॉससाठी. माझ्याकडून." मी तो त्याला नेऊन दिला.

कलम सात. दोन आठवड्यांपूर्वी कॉलेजच्या क्रीडा विभागाचे संचालक मिस्टर ग्रिमशॉ माझ्याकडे आले. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, मग डोरीनच्या फुलझाडांची केली, मग म्हणाले, "नील, तुम्ही फक्त एवढं सांगा. त्या तिन्ही सामन्यांत रॉसच फोनवरून संघ चालवत होता ना? तुम्ही हो म्हणालात की कार्यालयाचं समाधान होईल."

"आणि नाही म्हणालो तर?"

"कशाबद्दल नाही?"

"एका सामन्याबद्दल."

"मग ते नव्व्याण्णव होतात," ते म्हणाले. "नव्व्याण्णव दगडावर कोणी कोरत नाही. तुम्ही आधी ऑपरेशन होऊ द्या. घाई नाही." मग दाराशी थांबून म्हणाले, "पण तुम्ही ऑपरेशनच्या आधी सांगितलंत तर बरं पडेल."

मी व्लास्टाबाईंकडे गेलो आणि विचारलं की सामना मृत्युपत्रात लिहिता येतो का.

"जिंकलेला सामना ही मालमत्ता नाही, नील. ना विकता येतो, ना गहाण टाकता येतो."

"मग ते काय आहे?"

"गप्पा," त्या म्हणाल्या. "पण निवेदन म्हणून लिही. शपथेवर केलेलं निवेदन कार्यालय टाळू शकणार नाही." मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुला हे खरं आहे म्हणून सांगायचंय, की त्याचा एक कमी व्हावा म्हणून?"

मी म्हटलं, "हेच तर मला कळत नाहीये."

"कायद्याला फरक पडत नाही."

"मला पडतो."

"मग माझ्याकडे का आलास? पाद्र्याकडे जायचंस."

खरोखर हीच माझी अडचण आहे. खरं सांगितलं की मला आनंद होतो, आणि तो आनंद मला संशयास्पद वाटतो. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी त्या आकड्याशी खेळतो. माझ्या नावावर एक सामना, एक विजय. मुख्य प्रशिक्षक म्हणून मी कधीच हरलेलो नाही असं होईल. शेकड्याच्या हिशोबाने मी रॉसच्या पुढे जाईन, त्याच्या आधीच्या सगळ्यांच्या पुढे जाईन. हे मनात आलं की मला लहान मुलासारखं बरं वाटतं, आणि मग रॉसचे वडील आठवतात. ऑर्व्हिल हॅगेमन अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि वृद्धाश्रमात असतात. बीट पिकवणारा माणूस. मुलाने नोकरीच्या नावाखाली खेळ धरला म्हणून वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलले नव्हते. आता तिथल्या परिचारिकांना सांगतात, "माझ्या पोराचे शंभर दगडावर चढणार आहेत, मला त्या दिवशी पांढरा सदरा लागेल." डोरीनने स्वतः ऐकलं. सदरा आधीच इस्त्री करून टांगलेला आहे.

ते ऐकल्यावर मी ठरवलं होतं की हो म्हणून टाकावं. मग गेल्या शनिवारी रॉस आला.

तो चिलीचं, म्हणजे खिमा आणि राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन आला. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात. अर्डिथने केलं नव्हतं, त्यानेच केलं होतं, आणि उत्तम झालं होतं. मग शिडी काढून माझ्या छपराची पन्हळ साफ केली. माझ्या आजारपणात करायची कामंसुद्धा तो माझ्यापेक्षा चांगली करत होता. मी खाली शिडी धरून उभा होतो. वरून त्याने पानांचा चिखल टाकत विचारलं, "ग्रिमशॉ आला होता का रे?"

"आला होता."

"हं."

त्याने आणखी एक ओंजळ चिखल खाली टाकला. मग तो म्हणाला, "चिली थंड होईल. तू जा आत."

"रॉस, वेस्टफॉलच्या सामन्यात तू—"

"प्रोफेसर, जा आत. छातीला वारा लागेल."

टेबलाशी बसून आम्ही जेवलो. त्याने तीनदा घेतलं. चौथा रोल चिलीत बुडवताना तो म्हणाला, "बाबांना पांढरा सदरा ढगळ होतोय. वाळलेत फार. मी म्हटलं, मागून टाचणी लावू, दिसणार नाही." मला कळेना की तो माझ्याकडे मागतो आहे की नुसतं सांगतो आहे. अठ्ठावीस वर्षांत त्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. सगळं त्याला न मागता मिळालं. मागितलं असतं तर मी लगेच दिलं असतं. मागितलं की माणूस तेवढ्यापुरता आपल्या बरोबरीला येतो. पण त्याने पातेलं धुतलं, पुसलं, डोरीनच्या गालावर ओठ टेकवले आणि तो गेला.

मग मी असं ठरवलं. मी जगलो तर हे सांगायला लाजेन आणि मेलो तर सांगायला नसेन, म्हणून दोन्हींसाठी एकच करतो.

निवेदन. मी शपथेवर सांगतो की त्या तीन सामन्यांतले पहिला आणि तिसरा असे दोन विजय रॉस हॅगेमनचे आहेत. वेस्टफॉलविरुद्धच्या सामन्यात तो भुलीखाली होता. त्या दिवशी संघ मी चालवला. तो विजय माझा आहे. हे मी मत्सराने लिहीत असेन. तरी खरं आहे. या पानाची नक्कल सोमवारी, म्हणजे माझी शुद्ध असताना, मिस्टर ग्रिमशॉ यांच्या हातात द्यावी. माझ्या मरणाची वाट बघू नये. मेलेल्या माणसाचं ऐकतात, पण दयेने ऐकतात, आणि मला हा सामना दयेने नको आहे.

तो विजय मी कुणालाही देत नाही. डोरीनला नाही, हेडीला नाही. तो माझ्याकडे राहील.

कलम आठ. माझ्या अंत्यविधीत संघाचा झेंडा नको. पेटीवर हेल्मेट ठेवू नये. रॉसने भाषण करू नये, कारण तो फार छान बोलतो. अगदीच बोलायचं असेल तर सुरुवातीला बोलावं, म्हणजे लोक घरी जाताना डोरीनचे शब्द लक्षात ठेवतील.

कलम नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी डोरीनने करावी. सहीला दोन साक्षीदार लागतात. पहिली जोन विटकोव्ह, आमच्या शेजारी राहते, औषधाच्या दुकानात काम करते. दुसरा रॉस हॅगेमन. व्लास्टाबाईंनी समजावलं की साक्षीदाराने फक्त सही होताना बघायचं असतं. आत काय लिहिलंय ते त्याला वाचायला देण्याची गरज नसते. मी त्याला देणार आहे. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असंही त्या म्हणाल्या. ते मला आवडलं.

तो आज दुपारी येतो आहे. मी कशासाठी बोलावलंय ते त्याला ठाऊक नाही. छपराचं काहीतरी असेल असं त्याला वाटतंय. सातवं कलम वाचून त्याने सही नाकारली तर माझं काही म्हणणं नाही. व्लास्टाबाई गावातच आहेत, त्या सही करतील. रॉसने मला खोटा ठरवलं तरी मी भांडणार नाही. त्याने फक्त हे टेबलाशी बसून, माझ्या समोर वाचावं, एवढीच माझी इच्छा आहे. आजवर मैदानावरच्या माणसांनी त्याच्याकडे बघितलं. एकदा त्याने माझ्याकडे बघावं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले, आणि तो माझाच आहे म्हणून खाली सही करतो.

नील अँथनी सूकप

साक्षीदार पहिली: नील सूकप यांनी माझ्यासमोर सही केली. ते शुद्धीवर होते आणि नेहमीसारखेच काळजीत होते. जोन विटकोव्ह, औषधविक्रेती, तिसरा रस्ता, टॅलमन.

साक्षीदार दुसरा, स्वतःच्या अक्षरात: नीलने माझ्यासमोर सही केली. त्याआधी त्याने मला सगळं वाचायला लावलं आणि मी दोनदा वाचलं. त्याचं डोकं ठिकाणावर आहे. वेस्टफॉलच्या दिवशीही होतं. बाबांना मी आज संध्याकाळी जाऊन सांगतो. रॉस हॅगेमन, टॅलमन. व्यवसाय: फुटबॉल प्रशिक्षक, निवृत्त. विजय नव्व्याण्णव.

ठिकाण: टॅलमन, नेब्रास्का
दिनांक: १९ मे २०२३